सर्वनामाला हरकत

आमच्या वकीलबाईंच्या तोंडून स्वतःसाठी 'अहो' ऐकायचं असेल, तर एकच उपाय होता. त्यांच्या विरुद्ध बाजूचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं राहायचं. बाकी सगळ्या जगाला त्या अरे-तुरे करत. मी त्यांचा ज्युनिअर होतो तेवढी वर्षं माझं नाव 'गाढव' होतं. काम चांगलं झालं की 'गाढवा', बिघडलं की 'अरे गाढवा'. एवढाच काय तो फरक, आणि तो ओळखायला मला बरेच दिवस लागले.

बाई राहायला बेगडेवाडी स्टेशनाजवळ. तिथून लोकलनं तालुक्याच्या कोर्टात यायच्या. गाडी उशिरा आली की प्लॅटफॉर्मवरच्या लाउडस्पीकरशी भांडायच्या. 'आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत,' असं तो बोलला की या वर तोंड करून म्हणायच्या, "कुठं आहेस दिलगीर? आवाज तर बघ स्वतःचा!" लोक बघायचे. बघू देत. कोर्टासमोरच्या चहावाल्याला त्या 'ए साखरकारखान्या' म्हणून हाक मारायच्या आणि तोही बिचारा 'आलो बाई' म्हणत कमी साखरेचा चहा घेऊन धावायचा. बार रूममध्ये त्यांच्या खुर्चीवर कुणी चुकून बसलाच, तर "ऊठ रे, ती खुर्ची तुला चावेल," असं ऐकून उठायचा. वकिलीत त्यांच्याहून ज्येष्ठ असलेली माणसंसुद्धा उठायची.

पण एकदा काळा कोट अंगात गेला, कोर्टाचा उंबरा ओलांडला, की ही बाई ती बाई राहायचीच नाही. आवाज खाली यायचा. हात पाठीमागे जायचे. समोर शेतमजूर असो की जमिनीचा दलाल, प्रत्येकाला 'आपण'. पट्टेवाल्यालासुद्धा 'जरा पुकारा कराल का?' मला आधी वाटायचं, हे नाटक आहे. अहो, नाटक कसलं! तो त्यांचा धर्म होता.

आणि काय धार होती त्या 'आपण'ला! 'खोटं बोलताय' हे शब्द बाईंनी कधी उच्चारले नाहीत. एकदा एक दलाल साक्षीत धडधडीत थापा मारत होता. बाईंनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपली आठवण दमलेली दिसते. आपण पाणी घ्या. आम्ही थांबतो." पट्टेवाल्यानं पाणी दिलं. तो पाणी पीत होता, बाई थांबल्या होत्या, कोर्ट थांबलं होतं, सगळे त्याच्या घशाकडे बघत होते. ग्लास खाली ठेवेपर्यंत त्याला घाम फुटला. पुढच्या दोन प्रश्नांत गडी आडवा. शिवी दिली असती तर तो भांडला असता. पाण्याशी काय भांडणार?

समोरच्या वकिलाला त्या 'माझे मित्र' म्हणाल्या तर सगळं ठीक. 'माझे विद्वान मित्र' म्हणाल्या की समजायचं, कुठंतरी चूक सापडलीय. आणि 'माझे अतिशय विद्वान आणि आदरणीय मित्र' असं आलं की बार रूममधली माणसं चहा टाकून कोर्टात येऊन उभी राहायची.

स्वतःच्या साक्षीदारांना त्या काय बोलायचं ते कधी शिकवत नसत. शिकवायच्या एकच गोष्ट. आमच्या मावळातली म्हातारी माणसं पिंजऱ्यात गेली की हात जोडून सुरुवात करतात, 'आमी गरीब मानसं सायेब, आमाला काय कळतंय'. बाईंचा त्याला सक्त विरोध. "गरीब असाल तर ते सातबाऱ्यावर दिसेल," त्या म्हणायच्या. "पिंजऱ्यात 'मी' म्हणायचं. मी पाहिलं, मी गेलो, मी होतो. आणि हात जोडायचे नाहीत. देवळात आला नाहीयेस, गाढवा." हो, तेही गाढवच. कोर्टाबाहेर सगळे समान.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. बाईंचे वडील रेल्वेत गँगमन. रुळांवर हातोडा घेऊन आयुष्य काढलेला माणूस. घर छप्पन साली बौद्ध झालेलं, पण गावाच्या जिभेला त्याची खबर नव्हती. गावात वडलांना 'अहो' कुणी म्हणत नसे. वयानं लहान पोरंसुद्धा 'काय रे' म्हणायची. आणि एक दिवस कोर्टाचं समन्स आलं. रुळाजवळ झालेल्या मारामारीत वडील साक्षीदार होते. त्या समन्सवर त्यांच्या नावाआधी छापलेलं होतं, 'श्री'.

"माझ्या बापाला 'श्री' म्हणणारा तो पहिला कागद," बाई म्हणाल्या. "घरात समन्स आलं की लोक रडतात. आमच्याकडं गोड केलं होतं."

इस्त्रीचा सदरा घालून वडील साक्षीला गेले. सोबत बाई होत्या, तेव्हा शाळकरी. पिंजऱ्यात उभं केल्यावर वकिलानं पहिलाच प्रश्न केला, "काय रे, पिऊन होतास ना तेव्हा?" वडील इतके गांगरले की पुढं त्यांना धड एक वाक्य बोलता आलं नाही. घरी येऊन सदरा खुंटीला टांगला आणि नंतर कोर्टाचा विषय घरात कधी निघाला नाही. बाई वकील झाल्या तेव्हा त्यांनी मुद्दाम त्या साक्षीची नक्कल काढली. तिथं लिहिलं होतं, 'हे म्हणणे खरे नाही की, मी त्यावेळी मद्यप्राशन केले होते.'

"बघ की कशी सोज्वळ भाषा!" बाई म्हणाल्या. "'काय रे' कुठंच नाही. कागदावर सगळे सभ्य. अपमान झाला तो फक्त ज्याचा झाला त्यालाच माहीत."

ज्यांनी कोर्ट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे उलटतपासणीतला प्रश्न आणि उत्तर वेगळं लिहीत नाहीत. दोन्ही मिळून एक वाक्य करतात. वकील कितीही ओरडून, हिणवून विचारो, न्यायाधीश, म्हणजे आमचे साहेब, टंकलेखकाला सांगतात, 'हे म्हणणे खरे नाही की...' आणि पुढं स्वच्छ धुतलेली भाषा. ओरडणं हवेत विरून जातं. मात्र साक्षीदार चिडून काही बोलला, तर ते चिडणं साहेबांना वाटलं तर नोंदवता येतं. म्हणजे खोडी काढणारा सभ्य आणि चिडणारा उद्धट. हे बाईंना मरेपर्यंत सहन होणारं नव्हतं.

हौसामावशींच्या दाव्यात ते उफाळून आलं.

हौसामावशी कुरवंड्याच्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, कमरेत किंचित वाकलेली, पण आवाज असा की डोंगराच्या पलीकडची गुरं वळावीत. त्यांची भाताची दोन खाचरं गावाबाहेर, आणि तिथं जायची वाट शेजारच्या जमिनीतून. ती जमीन पुण्याच्या एका गृहस्थांनी घेतली, बंगला बांधला, आणि पुढं वाटेवर फाटक लावून कुलूप ठोकलं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. डोंगरावर फिरायला येणारी पोरं त्या वाटेनं घुसायची, बाटल्या टाकायची. पण कुलूप पोरांना लागलं तसं मावशींनाही लागलं. आता खाचराला जायचं तर ओढ्यातून, आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमकं लावणीच्या वेळी, ओढा छातीएवढा. दोन हंगाम खाचरं पडून राहिली. मावशींचा मुलगा म्हणायला लागला, विकून टाकू, नाहीतरी वाट नाही. घेणारे तयारच होते. म्हणजे वाट गेली की जमीन गेली, इतका साधा हिशेब.

वाट जुनी आहे हे सांगणारं माणूस उरलं होतं एकच, खुद्द मावशी. आजूबाजूच्या सगळ्यांनी जमिनी विकलेल्या. विकलेला माणूस कशाला साक्षीला येतोय?

साक्षीच्या दिवशी मावशी पिंजऱ्यात चढल्या, साहेबांकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच खुलला. साहेब नवीन बदलून आलेले, तरुण, चष्मेवाले. मावशी म्हणाल्या, "आगं बया, तू तर माझ्या नातवाएवढा हायेस की रं बाळा!"

कोर्टात हशा. साहेबांनी ओठ दाबून घेतले. समोरचे वकील ताडकन उठले. हे वकील पुण्याहून आलेले, भारी कोट, भारी आवाज. "साक्षीदार मेहेरबान कोर्टाला अरे-तुरे करतेय, साहेब!"

"असू दे," साहेब म्हणाले. "चला पुढे."

आमच्या बाजूचं सांगणं झालं आणि उलटतपासणी सुरू झाली.

"ए मावशे, तुला लिहिता-वाचता येतं का?"

"न्हाई."

"मग वाट कुठल्या गटातून जाते ते तुला काय कळणार?"

"पायाला कळतंय की."

"शहाणपणा करू नकोस. विचारलं तेवढंच सांग."

बाई उठल्या. "हरकत आहे, साहेब."

"कशाला?"

"सर्वनामाला."

साहेबांनी चष्मा सारखा केला. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "सर्वनामाला हरकत कशी घेता येईल, मॅडम?"

"अपमान होईल अशा तऱ्हेनं प्रश्न विचारला, तर कोर्टानं तो थांबवावा, असं पुराव्याच्या कायद्यात आहे. आणि मराठीत अपमान करायला शिवी लागत नाही, साहेब. 'तू' पुरतो."

"पण त्यांनी तर मलाच 'बाळा' म्हटलं."

"त्यांनी आपल्यात नातू पाहिला म्हणून म्हटलं. माझे अतिशय विद्वान आणि आदरणीय मित्र यांना 'तू' म्हणतात, ते आजी समजून म्हणत असतील, तर माझी हरकत मागे. त्यांना विचारावं."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. साहेब जरा वैतागून म्हणाले, "ठीक आहे. वकीलसाहेब, सांभाळून. पुढे चला."

सांभाळून कसलं! गडी आता पेटला. टेबलावर हात आपटून म्हणाला, "ए म्हातारे, कुणी पढवून पाठवलं तुला? पोरानं, की ह्या बाईनं?"

मावशींचा संयम सुटला. "तू आलतास का रं पढवाय?" त्या ओरडल्या. "मुडद्या, तुझ्या घरात कुनी म्हातारं हाय का न्हाई?"

"साहेब, नोंद घ्यावी!" वकील आनंदानं म्हणाले. त्यांना हेच हवं होतं. "साक्षीदार उद्धट आणि भांडखोर आहे, अशी नोंद घ्यावी."

ही नोंद साधी नव्हती. उद्या अपील झालं तर वरच्या कोर्टात मावशी दिसणार नाहीत, त्यांचं हसणं दिसणार नाही. दिसेल फक्त कागद, आणि कागदावर एक भांडकुदळ म्हातारी. सगळा दावा जिच्या एकटीच्या शब्दावर उभा, तिच्या शब्दाला मग किंमत काय? साहेबांनी टंकलेखकाकडे मान वळवली आणि सांगायला लागले, "साक्षीदाराने उद्धटपणे..."

"जरूर नोंद घ्यावी," बाई म्हणाल्या. "फक्त प्रश्नही शब्दशः घ्यावा."

"मॅडम, आपल्याकडे तशी पद्धत नाही."

"कोर्टाला अधिकार आहे, साहेब. माझी विनंती आहे."

"बसा, मॅडम."

"बसते, साहेब. विनंती तेवढी उभी राहू द्या."

आणि बसल्या नाहीत. मी त्यांच्या कोटाची बाही ओढली. हळूच म्हणालो, "बाई, साहेब चिडले तर आपलाच दावा जाईल." त्यांनी बाही सोडवून घेतली. आवाज तसाच मऊ, हात तसेच पाठीमागे.

"मॅडम, मला आणखी कामं आहेत," साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता.

"मला कल्पना आहे, साहेब. कोर्टाच्या वेळेबद्दल मला आदर आहे. उत्तर जसं दिलं तसं लिहायचं असेल, तर प्रश्न जसा विचारला तसा लिहावा. नाहीतर दोन्ही सोडून द्यावेत. एकाच्या तोंडाला पदर आणि दुसरी उघडी, असं नको. एवढीच विनंती."

साहेबांनी चष्मा काढला आणि त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बाहेर काढतात. मग त्यांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता, रागानं की रडू दाबायला, कोण जाणे. साहेब टंकलेखकाला म्हणाले, "प्रश्न शब्दशः घ्या."

टंकलेखक सज्जन माणूस. त्यानं घाबरत विचारलं, "साहेब, 'ए म्हातारे' सकट?"

"सकट."

टंकलेखकानं टाइप केलं आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. अगदी सरळ, कोरड्या आवाजात, लोकलच्या अनाउन्समेंटसारखं. "प्रश्न. ए म्हातारे, कुणी पढवून पाठवलं तुला. पोरानं, की ह्या बाईनं."

त्या आवाजात ते इतकं ओंगळ वाटलं की विचारू नका. मागं कुणी हसलं नाही. पुण्याच्या वकिलांचा चेहरा उतरला. आपलं नाव त्या पानावर असणार आहे, हे त्यांच्या आता ध्यानात आलं. "साहेब, मी... मी प्रश्न मागे घेतो."

"मग उत्तरही मागे गेलं," बाई म्हणाल्या. "माझे मित्र मोठ्या मनाचे आहेत." आणि बसल्या.

खरी मजा पुढं आहे. वकिलांना आता 'तुम्ही' म्हणणं भाग होतं. आणि उभ्या आयुष्यात अशा म्हातारीला 'तुम्ही' म्हटलेलं नसावं, कारण त्यांचं सगळं गणितच बिघडलं. 'तू' असताना प्रश्न नुसते फटकारे होते. 'तुम्ही' आल्यावर ते खरोखरीचे प्रश्न व्हायला लागले. चाचपडत चाचपडत त्यांच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून मी डोळेच मिटले. उलटतपासणीत असा मोकळा प्रश्न पहिल्या वर्षाचं पोरगंही विचारत नाही. ते म्हणाले, "अहो मावशी, मग तुम्हीच सांगा ना, तिथं वाट होती हे आम्ही कशावरून मानायचं?"

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "आता कसं मानसावानी इचारलंत. आता सांगते," त्या म्हणाल्या. वकिलालाही 'तुम्ही' मिळालं बरं का, ताबडतोब. "मी लगीन हून आले तवा ह्याच वाटनं खाचराला गेलते. पर ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या ह्या मालकांचा बंगला झाला, त्याच्या इटा, वाळू, समदं कुटनं आलं? त्याच वाटनं. टेंपो रुतला तवा माझ्या बैलांनी वढून काढला. तवा हे मालकच मला म्हनले, 'आजी, तुमची वाट नसती तर माझं घर झालं नसतं.' इचारा त्यांना. हितंच बसल्यात."

ते गृहस्थ खरंच तिथं बसले होते. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्यांनी मान खाली घातली. पुढच्या तारखेला ते पिंजऱ्यात आले, तेव्हा बाईंनी त्यांना फार काही विचारलंच नाही. "आपण हौसाबाईंना तसं म्हणाला होतात, हे आपल्याला आठवतं का?" एवढंच. गृहस्थ मावशींकडे बघत म्हणाले, "हो. म्हणालो होतो." माणूस वाईट नव्हता. कुणी नीट विचारलं नव्हतं, इतकंच.

मावशींच्या साक्षीनंतर बाहेर आलो, तर पुण्याचे वकील गाडीचं दार उघडत होते. बाई तिथूनच ओरडल्या, "काय रे, घसा बसला का? ये, चहा पी. साखरकारखाना चालू आहे!" आणि तो मनुष्य आला, चहा प्यायला, आणि बाईंच्या शिव्याही खाल्ल्या. मला बाईंचा अभिमान वाटला, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली. एका शब्दासाठी त्यांनी मावशींचा सगळा दावा पणाला लावला होता. मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तो एक शब्दच तर दावा होता, अरे गाढवा." त्या दिवशी 'अरे' होतं.

निकाल मावशींच्या बाजूनं लागला. फाटक राहील, पण मावशींसाठी उघडेल, असा हुकूम झाला. ऐन लावणीच्या दिवसांत आम्ही कोर्टातून तसेच, काळ्या कोटातच, कुरवंड्याला गेलो. बाईंचे गुडघे दुखत होते, तरी चढण चढून आल्या. मावशी रोपांची पेंढी डोक्यावर घेऊन फाटकापाशी उभ्या. आत एजन्सीचा कुठलासा नवा वॉचमन. त्याला मालकाचा फोन आलेला होता. त्यानं कुलूप काढलं, फाटक सताड उघडलं आणि हातानं हुसकल्यासारखं करत म्हणाला, "ए, चल, जा आत. लवकर."

मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"उघडलंय ना? जा की!"

मावशी उभ्याच. डोक्यावर पेंढी, त्यातून पाणी गळतंय, कपाळावरून ओघळतंय. पुसायला हातही उचलला नाही. त्या सावकाश म्हणाल्या, "बाबा, मला कोरटात अवं म्हनल्यात. तू नीट सांग. मग मी जाते."

मला राहवलं नाही. पाऊस कधीही येणार, बाईंचे गुडघे, लावणीची माणसं खोळंबलेली. मी म्हणालो, "मावशी, जाऊ द्या ना. फाटक तर उघडलंय."

"गप्प बस, गाढवा," बाई कुजबुजल्या. "साक्ष चालू आहे."

आम्ही उभे राहिलो. वॉचमननं मावशींकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, बाईंच्या अंगातल्या काळ्या कोटाकडे पाहिलं. त्याला काही कळलं नसावं. पण मावशी हलणार नाहीत, एवढं कळलं. तो फाटकाच्या एका बाजूला सरकला.

"जावा, मावशी," तो म्हणाला. "जावा तुमी."

मावशी निघाल्या. त्या समोरून जात असताना बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, आणि साहेब आसनावरून उठताना आम्ही वकील झुकवतो, तशी मान झुकवली.